मागवलेला कोड वेळेवर यावा म्हणून

मोबाइल ॲपचा सगळा कोड पहिल्याच डाउनलोडमध्ये न देता काही भाग लागेल तेव्हा प्ले स्टोअरकडून मागवणे, याला अँड्रॉइडच्या कामात ‘ऑन-डिमांड डिलिव्हरी’ म्हणतात. २०१८ मध्ये गूगलने ॲप बंडल आणले आणि त्यासोबत ही सोय आली. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर येणाऱ्या नव्या ॲपना बंडल सक्तीचेच झाले. डेव्हलपर एकच बंडल चढवतो आणि प्ले प्रत्येक फोनच्या प्रोसेसर, स्क्रीन व भाषेप्रमाणे त्याचे तुकडे पाडून देते. मूळ मॉड्यूल सर्वांना मिळते, फीचर मॉड्यूल मागाहून मागवता येते.

आकाराने मोठा पण क्वचित लागणारा भाग वेगळा काढावा, हा सर्वमान्य नियम. कोलकात्याच्या बालीगंज भागासाठी ॲप करायचे तर दुर्गापूजेच्या मंडपांचा नकाशा या नियमात चपखल बसतो : वर्षातून जेमतेम आठवडाभर लागतो आणि चित्रांमुळे जड असतो. पण फसगतही नेमकी इथेच होते. हा नकाशा लोक घरी बसून उघडत नाहीत. तिथल्या एकडालियाच्या मंडपासमोर रांगेत उभे राहून उघडतात. सप्तमीच्या संध्याकाळी शेजारच्या गडियाहाटच्या चौकात ज्याने साधा फोटो पाठवून पाहिला असेल, त्याला त्या गर्दीत नेटवर्कची काय गत होते हे सांगायला नको. गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच मॉड्यूल उतरणे सर्वांत कठीण.

म्हणून मॉड्यूल गरजेच्या क्षणी नव्हे, गरजेची चाहूल लागताच मागवायला हवे. पूजेच्या तोंडावर येणाऱ्या महालयेच्या सुमारास, घरच्या वायफायवर, ‘मंडपांचा नकाशा आताच उतरवून ठेवायचा का?’ एवढे विचारले तरी पुरते. मागणीचे दोन मार्ग आहेत. ‘स्टार्टइन्स्टॉल’ लगेच काम सुरू करते आणि किती टक्के उतरले ते कळवते, मात्र त्या वेळी ॲप समोर उघडे असावे लागते; मागे गेलेल्या ॲपची विनंती बहुधा फेटाळली जाते. ‘डिफर्डइन्स्टॉल’ प्लेच्या सवडीने, साधारण २४ तासांत होते, पण त्याची हमी नसते आणि प्रगतीही दिसत नाही. ज्याची तारीख पंचांगात छापलेली आहे, असे काम त्याच्या भरवशावर सोडू नये. पूजा संपली की ‘डिफर्डअनइन्स्टॉल’ने जागा मोकळी करता येते, ही विनंतीही सवडीनेच पाळली जाते, पण तिथे घाई कुणालाच नसते.

अपयशाची कारणे वेगवेगळी असतात आणि प्ले प्रत्येकाचा वेगळा क्रमांक देते. नेटवर्क तुटले तर उणे ६, फोनमध्ये जागा नसली तर उणे १०. दोन्हींना ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ हा एकच संदेश दाखवणारी ॲप कमी नाहीत. जागा नसलेला माणूस मग निमूटपणे तेच बटण दाबत राहतो. मोठे मॉड्यूल मोबाइल डेटावरून आणायचे असेल तर प्ले वापरकर्त्याची संमती मागू शकते. तो संवाद दाखवण्याची तजवीज केली नसेल, तर विनंती तशीच अडकून पडते.

सगळ्यात बेमालूम अडचण मॅनिफेस्टची, म्हणजे ॲपचे घटक सिस्टीमला जाहीर करणाऱ्या फाइलची. फीचर मॉड्यूलचे मॅनिफेस्ट बिल्डच्या वेळी मूळ मॅनिफेस्टमध्ये मिसळते. त्यामुळे नकाशाची ॲक्टिव्हिटी सिस्टीमच्या लेखी पहिल्या दिवसापासून हजर असते, तिचा कोड मात्र फोनवर नसतो. ‘आज अष्टमी, जवळचे मंडप पाहा’ अशी सूचना आली, वापरकर्त्याने तिच्यावर बोट ठेवले आणि ती थेट त्या ॲक्टिव्हिटीकडे गेली, तर ‘क्लासनॉटफाउंड’ होऊन ॲप कोसळते. सूचनेने आधी मूळ मॉड्यूलमधला पडदा उघडावा, त्याने मॉड्यूल बसले आहे का ते तपासावे, मगच पुढे जावे. सूचनेचे चिन्हसुद्धा मूळ मॉड्यूलमध्येच ठेवावे. दुसरे, मूळ मॉड्यूलला फीचरचा कोड कंपाइल करताना दिसत नसल्याने क्लास नावाने शोधावा लागतो. रिलीज बिल्डमध्ये कोड आटवणारे आर-एट ते नाव बदलू शकते, म्हणून नाव जपणारा कीप नियम लिहावा. नाहीतर डीबग बिल्ड सुरळीत चालते आणि रिलीज पडते. ताजे उतरलेले मॉड्यूल ॲप बंद न करता वापरायचे, तर स्प्लिटकॉम्पॅटही जोडलेले हवे.

भाषेचे तुकडे हा याच यंत्रणेचा दुसरा चेहरा, आणि परप्रांतातल्या मराठी घरांना तो हमखास भेटतो. बालीगंजमधल्या फोनच्या भाषायादीत बांगला आणि इंग्रजी असते. प्ले तेवढ्याच भाषा पाठवते. अशा घरातल्या आजींनी ॲपच्या सेटिंगमध्ये ‘मराठी’ निवडले तरी अक्षरे इंग्रजीच राहतात, कारण मराठी मजकूर फोनवर आलेलाच नसतो. भाषा बदलण्याची सोय ॲपच्या आत असेल तर निवडीच्या वेळी ती भाषा प्लेकडून मागवावी, किंवा बिल्डमध्ये भाषेचे तुकडे पाडणे सरळ बंद करावे. मजकुराचे वजन फारसे नसते; दुसरा मार्ग बहुतेकांना पुरेसा आहे.

प्लेला वळसा घालून स्वतःच्या सर्व्हरवरून डेक्स फाइल, म्हणजे चालणारा कोड, उतरवण्याचा मोह टाळलेला बरा. प्लेच्या धोरणात त्याला मनाई आहे. आयफोनवर तर ही वाटच वेगळी : २०१५ च्या आयओएस ९ पासूनची ‘ऑन-डिमांड रिसोर्सेस’ चित्रे, आवाज असा ऐवज मागवू देते, चालणारा कोड नाही.

चाचणीसाठी गूगलच्या बंडलटूल या साधनाचा ‘लोकल टेस्टिंग’ पर्याय सोयीचा, पण तिथे मॉड्यूल फोनवरूनच बसते, नेटवर्कची कसोटी लागत नाही. कृत्रिम नेटवर्क-त्रुटी घडवून आणण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी. शेवटची तालीम मात्र प्लेच्या अंतर्गत चाचणी ट्रॅकवरून, स्टोरेज जवळपास भरलेल्या स्वस्त फोनवर करावी, आणि उतरणे अर्ध्यावर असताना विमान मोड चालू करून पाहावे.