हिरव्या कार्डाचं मिनिट

दहावीचा निकाल लागला की माझा फोन दोन प्रश्नांसाठी वाजतो. पहिला, सायन्स की कॉमर्स? गणित झेपतं आणि आवडतं, तर सायन्स. शेजारच्या मुलाने घेतलंय म्हणून नको. झालं. दुसरा प्रश्न अलीकडचा आहे आणि दरवर्षी वाढतोय: ‘मॅडम, मुलगा खेळात चांगला आहे. कुठेतरी डमी ॲडमिशन घेऊन पूर्णवेळ ॲकॅडमीत टाकू का?’

नका टाकू.

परवा एक वडील मुलाला घेऊन आले. मुलगा हँडबॉल खेळतो, लेफ्ट विंगला. लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल वडिलांच्या मांडीवर. बोलत वडीलच होते. मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत बसलेला. ‘इंडिया खेळेल ना हा?’ मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. एका लेफ्ट विंगची गोष्ट सांगते.

निकोलाय याकोबसेन. जन्म १९७१, गाव डेन्मार्कमधलं विबोर्ग. खेळाडू म्हणून मोठाच. जीओजी या क्लबकडून खेळला. मग जर्मनीत कीलकडून सहा हंगाम. देशासाठी साडेपाचशेहून जास्त गोल. आणि तरीही देशाकडून खेळताना त्याला ना जगज्जेतेपद मिळालं, ना ऑलिंपिक सुवर्ण. डेन्मार्कच्या पुरुष संघाने पहिली मोठी स्पर्धा जिंकली ती २००८ची युरोपियन, तोवर याचं खेळणं संपलं होतं.

पुढचं ऐका. प्रशिक्षक म्हणून २०१३मध्ये आल्बोर्गला डॅनिश विजेतेपद. राइन-नेकर लोवेन या जर्मन क्लबला २०१६ आणि २०१७मध्ये लीग जिंकून दिली; त्याआधी त्यांनी ती एकदाही जिंकली नव्हती. २०१७मध्ये देशाचा संघ हाती आला, तरी दोन वर्षं क्लबही सांभाळला. मग २०१९, २०२१, २०२३, २०२५ असं सलग चार वेळा जगज्जेतेपद. पुरुषांच्या हँडबॉलमध्ये हे आधी कुणाला जमलं नव्हतं. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जर्मनीवर ३९-२६.

हँडबॉलमध्ये टाइम-आउट हवा असेल तर प्रशिक्षक टेबलावर हिरवं कार्ड ठेवतो. मिळतं एक मिनिट. सामन्यात अशी तीनच. धापा टाकणारे, चिडलेले खेळाडू गोळा होतात आणि त्या मिनिटात नेमकं काय बदलायचं ते सांगावं लागतं. प्रशिक्षकाची भाकरी या मिनिटावर असते. ते सुचायला खेळ दिसावा लागतो. विंगचा माणूस कोपऱ्यात उभा असतो, बराच वेळ चेंडू त्याच्याकडे फिरकतही नाही. मला वाटतं, बघण्याची सवय तिथेच लागत असावी.

डेन्मार्कचीच हँडबॉलपटू आन्या आन्डरसन, तिचं तर शरीरानेच ऐकलं नाही. १९९६चं ऑलिंपिक सुवर्ण, १९९७ची जगातली सर्वोत्तम खेळाडू, आणि तिशीच्या आसपास हृदयाच्या ठोक्यांच्या त्रासाने खेळ बंद. नंतर प्रशिक्षक म्हणून स्लॅगेल्से क्लबला तिने तीनदा चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. आता डमी ॲडमिशनवाल्यांनी सांगावं, मुलाचा गुडघा सतराव्या वर्षी गेला तर तुमच्याकडे काय उरतं?

आणि शाळा सोडायची ती कुठल्या खेळासाठी? हँडबॉलचे नियम १९०६मध्ये छापले ते होल्गर निल्सन या डॅनिश शिक्षकाने, शाळेतल्या मुलांना खेळवता खेळवता. आजही डेन्मार्कमधली चौदा ते अठरा वयाची बरीच मुलं वर्षभर ‘एफ्टरस्कोले’ नावाच्या निवासी शाळेत राहतात; काही ठिकाणी हँडबॉल असतो, पण अभ्यासासोबत.

आपल्याकडे वाट साधी आहे. पदवी, मग बी.पी.एड. किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि नोकरी बहुधा कंत्राटी, हे लपवत नाही. पण ‘खेळाडू झाला नाही म्हणून कोच झाला’ असं तोंड वाकडं करून म्हणणं आता पुरे.

एवढं झाल्यावर मी मुलाला विचारलं, ‘मागचा सामना का हरलात?’ त्याने टेबलावरचं पाकीट ओढलं, माझं पेन घेतलं, सहा मीटरची कमान काढली. त्यांचा बचाव कुठून फुटत होता, आपला पिव्होट कुठे अडकत होता, मध्यंतरानंतर त्यांच्या गोलकीपरने जागा कशी बदलली, सगळं बाणांनी. पाच मिनिटं थांबलाच नाही.

‘हे मला कधी बोलला नाहीस,’ वडील म्हणाले.

‘तुम्ही घरी आल्यावर फक्त किती गोल केलेस ते विचारता.’

वडील गप्प झाले. फाइल बंद केली, पाकीट मात्र घडी करून खिशात ठेवलं. दारात चपला घालताना मागे वळून म्हणालेच, ‘मॅडम, सवलतीचे गुण जिल्ह्याला मिळतात, का स्टेट खेळावंच लागतं?’