इंग्रजीच्या इयत्ता आणि इंग्रजीच्या पातळ्या

पालकसभेत आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, आमच्या मुलाचे इंग्रजी कच्चे आहे का?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही, कारण इयत्ता एक असली तरी त्या इयत्तेतील सर्व मुलांचे इंग्रजी एकच नसते. माध्यमिक स्तरावर इंग्रजी किती पातळ्यांवर शिकविले जाते, मुलाची पातळी कशी ठरते आणि एका पातळीवरून वरच्या पातळीवर जाण्याचा मार्ग कोणता, याची माहिती पालकांना व माजी विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

एका इयत्तेची दोन पुस्तके

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या मुलांना पूर्वी इंग्रजीची अक्षरओळख पाचवीत होत असे. २००० सालापासून हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. असे असले तरी राज्य मंडळाच्या शाळांत दहावीपर्यंत इंग्रजीचे दोन अभ्यासक्रम शेजारी शेजारी चालत आले आहेत. इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजी ही प्रथम भाषा म्हणून शिकतो. त्याच्या हाती 'इंग्लिश कुमारभारती' असते. मराठी माध्यमाचा विद्यार्थी तीच भाषा तृतीय भाषा म्हणून शिकतो. त्याच्या हाती 'माय इंग्लिश कोर्सबुक' असते. दोन्ही विषय शंभर गुणांचेच. गद्य उतारे, कविता, व्याकरण, पत्रलेखन दोहोंतही आहे. फरक आहे तो अपेक्षेचा. पहिल्या अभ्यासक्रमात मुलाला भाषा अवगत आहे असे गृहीत धरलेले असते. दुसऱ्यात ती अजून घडत आहे, हे मान्य केलेले असते. म्हणूनच तेथे इंग्रजीतून मातृभाषेत भाषांतराचाही प्रश्न असतो.

तृतीय भाषेचा अभ्यासक्रम हलका म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. घरात ज्या भाषेचा एक शब्दही कानांवर पडत नाही, ती भाषा शिकणाऱ्या मुलासाठी अशीच चढण योग्य असते. खरी कसोटी लागते ती अकरावीत. तेथे या दोन्ही वाटा एकत्र येतात. अनिवार्य इंग्रजीचे 'युवकभारती' हे पुस्तक दोघांनाही तेच, वर्ग तोच आणि बारावीची प्रश्नपत्रिकाही तीच. दहावीत इंग्रजीत पंचाऐंशी गुण मिळविलेली मुलगी अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसू लागते. तिचे गुण खोटे नव्हते; ते ज्या मापाने मोजले होते ते माप बदललेले असते. हे तिला कोणी सांगितलेले नसते, म्हणून ती दोष स्वतःच्या बुद्धीला देते. अनेक मुलांचे इंग्रजी याच वळणावर कायमचे खचते.

पातळी कोण ठरवितो?

पातळ्या पाडताना चूक झाली तर काय घडते, याची नोंद एका न्यायालयीन निकालात सापडते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळांची प्रथा घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५६ पासून, राजधानी वॉशिंग्टनच्या शाळांत मुलांची कुवतीनुसार विभागणी सुरू झाली. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत चार गट होते : सर्वांत वर हुशार मुलांचा, मग महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांचा, मग सर्वसाधारण आणि सर्वांत खाली 'मंद' मानलेल्यांचा. गट ठरविण्यात चाचण्यांचा मोठा वाटा होता. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६७ मध्ये न्यायमूर्ती स्केली राइट यांनी ही पद्धत रद्द केली. या चाचण्या मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांना समोर ठेवून प्रमाणित केलेल्या होत्या. गरीब काळ्या मुलांची खरी कुवत त्यांतून कळत नव्हती. आणि खालच्या गटात पडलेले मूल वर चढल्याची उदाहरणे फार थोडी होती. शाळेचे दार सर्वांना उघडले होते. वर्गात मात्र नव्या भिंती उभ्या राहिल्या होत्या.

ही गोष्ट आपल्या वाचकांना परकी वाटू नये. बाबासाहेबांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. जातीमुळे ते दार बंद झाले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. कोणता विषय कोणी शिकावा, हे तेथे कुवत पाहून ठरले नव्हते. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या प्रयत्नाने केला. म्हणून मुलावर 'कच्चे' असा शिक्का मारण्यापूर्वी आम्हा शिक्षकांना दहादा विचार केला पाहिजे.

मग पातळ्या नकोतच का?

असे आम्ही म्हणत नाही. ज्याला साधे वाक्य वाचता येत नाही आणि ज्याला कथेचा आशय सांगता येतो, अशा दोघांना एकच पाठ एकाच गतीने शिकविणे हा दोघांवरही अन्याय आहे. पातळी असावी, मात्र काही पथ्ये पाळावीत, असे आमचे मत आहे.

पहिले, श्रवण, संभाषण, वाचन व लेखन यांची पातळी वेगवेगळी पाहावी. बोलताना अडखळणारी अनेक मुले समजून उत्तम वाचतात. दुसरे, पातळी प्रत्येक सत्राच्या अखेरीस पुन्हा तपासावी. आषाढातला निर्णय माघापर्यंत जसाच्या तसा राहू नये. तिसरे, खालच्या गटाला अधिक अनुभवी शिक्षक आणि अधिक वेळ मिळावा. चौथे, दहावीची परीक्षा संपल्यावरच्या सुटीत तृतीय भाषेच्या विद्यार्थ्यांनी अकरावीच्या पुस्तकातील काही पाठ मोठ्याने वाचून काढावेत, म्हणजे जूनमध्ये धक्का बसत नाही. निवासी विद्यालयात सायंकाळचा अभ्यासाचा तास हाताशी असतो. त्याचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

पालकांनी शाळेत आल्यावर 'किती गुण पडले' यासोबत तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : मूल कोणत्या पातळीवर आहे, ते कशावरून ठरविले, आणि वर जाण्यासाठी पुढच्या सत्रात काय करणार. स्वतःला इंग्रजी येत नसले तरी हे प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक आई-वडिलांना आहे, आणि त्यांचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

२०२० मध्ये आलेल्या बारावीच्या 'युवकभारती'त 'टू सर, विथ लव्ह' या पुस्तकातील भाग घेतला आहे. लेखक ई. आर. ब्रेथवेट हे कृष्णवर्णीय. अभियंत्याचे शिक्षण असूनही वर्णामुळे नोकरी नाकारली गेली, म्हणून ते लंडनच्या गरीब वस्तीतील शाळेत शिक्षक झाले आणि ज्या मुलांची आशा इतरांनी सोडली होती, त्यांना त्यांनी शिकविले. आपल्या विद्यार्थ्यांनी हा पाठ परीक्षेपलीकडेही वाचावा. आणि जे माजी विद्यार्थी आज इंग्रजीत सहज वावरतात, त्यांनी वर्षातून एखादा आठवडा येथे यावे, अकरावीत आपण किती अडखळलो होतो ते या मुलांना मोकळेपणाने सांगावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.