तोंडीलावणे आणि जिव्हेची निष्ठा

मधल्या सुट्टीची घंटा होऊन विद्यार्थ्यांनी आपापले डबे उघडले म्हणजे एक मौजेचा वाद नित्य कानी पडतो. हा वाद भाकरीविषयी नसतो. कारण ज्वारीची भाकरी बहुतेकांच्या डब्यात सारखीच असते. वाद माजतो तो डब्याच्या कोपऱ्यातील चिमूटभर पदार्थावरून. एक म्हणतो, ‘शेंगाचटणी खावी तर आमच्या आजीच्या हातची.’ दुसरा म्हणतो, ‘खर्ड्याची सर तिला कोठून येणार?’ तिसऱ्याला टोमॅटो केचप हवे असते आणि तेही ठराविक छापाच्या बाटलीतलेच. दुसऱ्या बाटलीतले त्यास पाणचट वाटते. इतक्या क्षुल्लक वस्तूविषयी माणसाने इतका आग्रह का धरावा? प्रश्न हसण्यासारखा दिसतो खरा. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास मनुष्यस्वभावाचा एक मोठा धडा हाती लागतो. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम तोंडीलावणे म्हणजे काय ते पाहू. सुखवस्तू घरच्या पानात मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर हे पदार्थ डाव्या बाजूस वाढतात. मुख्य अन्न उजवीकडे. डावी बाजू केवळ रुची आणण्यापुरती. परंतु भीमाकाठच्या कष्टकरी घरात पानाला डावे-उजवे असे काही नसते. आपल्या सोलापूर जिल्ह्यात भाकरीबरोबर जे काही खावयाचे त्यास ‘कोरड्यास’ म्हणतात, आणि भाजीला पैसा नसेल त्या दिवशी चटणी किंवा खर्डा हेच कोरड्यास होते. एकाच्या घरची हौस ती दुसऱ्याच्या घरचे जेवण असते, ही गोष्ट वाद घालणाऱ्यांनी आधीच ध्यानी ठेवली पाहिजे.

आता या पदार्थांची घडण पाहू. शेंगाचटणीकरिता भुईमुगाचे दाणे मंद आचेवर भाजून त्यांची टरफले पाखडून टाकतात, आणि लसूण, जिरे, लाल तिखट व मीठ घालून ते उखळात कुटतात. दाण्याच्या वजनात सुमारे निम्मे तेल असते. मुसळाच्या घावाने दाणा दडपला जाऊन ते तेल बाहेर येते व चटणीस ओलसर गोळेपणा आणते. यंत्राचे पाते दाणा चिरते. त्याने पूड लवकर होते, पण चटणीचा पोत निराळा होतो. लसणीची गोष्ट याहूनही नवलाची आहे. अखंड पाकळीस फारसा उग्र वास नसतो. ती ठेचली की तिच्यातील दोन निरनिराळी द्रव्ये एकत्र येऊन तिसरे उग्र द्रव्य उत्पन्न होते. अ‍ॅलिसिन नावाचे हे द्रव्य कॅव्हालिटो व बेली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी 1944 साली वेगळे करून दाखविले. तेव्हा ‘पाट्यावरची चव निराळी’ असे आजी म्हणते, ते सर्वस्वी वेडगळपणाचे नाही. शेंगाचटणीत पाणी नसल्याने ती पुष्कळ दिवस टिकते व प्रवासाच्या शिदोरीस चालते. हिरव्या मिरचीचा खर्डा ओला असल्याने तो ताजाच खावा लागतो. कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, काळे तिखट यांचेही असेच आपापले गुण आहेत व आपापले भक्तही आहेत.

परंतु केवळ घडणीने निष्ठेचा उलगडा होत नाही. तिखटाचेच पाहा. तिखट ही वस्तुतः चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरील ज्या संवेदनाद्वारास चेतविते, तेच द्वार प्रखर उष्णतेने चेतविले जाते. म्हणून मिरची खाताच तोंड भाजल्यासारखे होते. डेव्हिड ज्यूलियस व त्यांचे सहकारी यांनी 1997 साली हे द्वार शोधून काढले, आणि 2021 साली ज्यूलियस यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. म्हणजे जो खर्डा आपण आवडीने खातो तो शरीराच्या दृष्टीने एक लहानशी वेदना आहे! लहान मूल प्रथम मिरची चाखते तेव्हा रडते. पुढे मोठ्यांच्या पंगतीस बसून, त्यांचे पाहून, थोडे थोडे चाखून, ते त्याच मिरचीची मागणी करू लागते. आवड जन्मास येत नाही, ती लागते. आणि ती लावणारी माणसे प्रेमाची असतात.

हे शिक्षण पाळण्यातच सुरू होते असे दिसते. ज्युली मेनेला व गॅरी बोशँप या संशोधकांनी 1991 साली असे दाखविले की, मातेने लसूण खाल्ली असता तिच्या दुधास लसणीचा वास येतो, आणि त्यामुळे बालक तोंड फिरवीत नाही, उलट अधिक वेळ स्तनाशी राहते. सारांश, आजीच्या चटणीची बाजू घेऊन भांडणारा विद्यार्थी वस्तुतः चटणीची बाजू घेत नसतो. ज्या हाताने त्यास पहिला घास भरविला त्या हाताची तो बाजू घेत असतो.

उजनीच्या परिसरात या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. माढे तालुक्यात उजनीजवळ भीमेवर बांधलेले धरण 1980 साली पुरे झाले. त्याच्या जलाशयास यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून यशवंतसागर म्हणतात, व त्यात सुमारे 117 अब्ज घनफूट पाणी मावते. या पाण्याने कोरडवाहू शिवारात ऊस आला, कंदरच्या बाजूस केळीच्या बागा आल्या, कोळ्याच्या जाळ्यात चिलापी मासा आला. परंतु त्याच पाण्याखाली नदीकाठची जुनी गावे आणि काळ्या रानाची शिवारे गेली. पाणी फार ओसरले म्हणजे इंदापूरच्या बाजूस पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहावयास जातात. देऊळ दगडाचे म्हणून राहिले. चुली व अंगणे राहिली नाहीत. गाव उठते तेव्हा भिंत नेता येत नाही, विहीर नेता येत नाही, पार नेता येत नाही. गाडीत घालून नेता येतो तो पाटा-वरवंटा, आणि त्याबरोबर जाते ती हाताची सवय. कित्येकांच्या जिभेवर त्यांचे गाव अद्याप आहे, ते याच कारणाने.

पवित्र शास्त्रातील गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात असाच एक प्रसंग आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक अरण्यात चालले असता त्यांस आकाशातून मान्ना मिळत होता. तरी ते रडू लागले. त्यांस आठवण झाली ती मिसरातील मासळीची, काकड्यांची, खरबुजांची, कांद्यांची व लसणीची. त्यांच्या कृतघ्नतेबद्दल त्यांस दोष दिला जातो व तो योग्यच आहे. तथापि दास्यभूमीतून सुटलेल्या माणसालाही लसणीची आठवण सोडीत नाही, हे मनुष्यहृदयाचे सत्य त्या प्रसंगात स्पष्ट दिसते.

येथे कोणी म्हणेल, ‘आजीची चटणी ठीक, पण बाटलीवरील छापाची निष्ठा कसली?’ तिचेही मूळ तेच आहे. 1985 साली अमेरिकेतील कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाची चव बदलली. नाव न सांगता सुमारे दोन लाख लोकांस नवे पेय पाजून पाहिले होते, व अधिक लोकांस ते पसंत पडले होते. तरीही ते बाजारात येताच लोकांनी असा गहजब केला की, तीन महिन्यांच्या आत कंपनीस जुने पेय परत आणावे लागले. जिव्हेने नव्याचा पक्ष घेतला, मनाने जुन्याचा. आपल्याकडे 1910 साली मुंबईच्या गिरगावात बेडेकरांचे दुकान सुरू झाले, आणि 1962 साली पुण्यात चोरडिया कुटुंबाने प्रवीण मसाल्याचा व्यवसाय मांडला. ज्यांस घरी कुटण्यास सवड वा जागा उरली नाही अशा घरांत या नावांनी आजीची जागा थोडीबहुत घेतली. आज लहान असलेल्या मुलास उद्या परगावी केचपची तीच बाटली दिसताच घर आठवले, तर त्यात नवल काय?

मात्र निष्ठा अज्ञानाशी मिळाली म्हणजे तिचा गर्व होतो. ‘आमचे तेच अस्सल, बाकी परके’ असे म्हणणाऱ्याने आपल्या खर्ड्याचे कूळ तपासावे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानात आली. तत्पूर्वी येथील लोक तिखटाकरिता मिरी, पिंपळी व सुंठ वापरीत. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. टोमॅटोही तिकडचाच. ‘केचप’ हा शब्द मात्र चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील, आणि तेथे तो माशांपासून केलेल्या एका खारट रसाचे नाव होता. इंग्रजांनी त्या नावाखाली अळंबी व अक्रोड यांचेही केचप केले आणि टोमॅटोची पाळी मागाहून आली. तेव्हा शेंगाचटणी आणि केचप या दोघीही समुद्रापलीकडून आलेल्या सुना आहेत. एक आधी आली म्हणून ती घरची झाली, इतकेच.

विद्यार्थिमित्रहो, यावरून दोन बोध घ्यावयाचे. पहिला हा की, आपल्या घरच्या चवीची लाज बाळगू नये. शहरातील मित्रांपुढे चटणी-भाकरीचा डबा झाकून ठेवणारा मुलगा स्वतःच्या मातेसच झाकून ठेवीत असतो. दुसरा बोध पहिल्याहून कठीण आहे. आपल्या चवीवर प्रेम करणे सोपे. दुसऱ्याच्या डब्यास नाक न मुरडणे अवघड. ‘तुमच्यात हे खातात?’ हा प्रश्न आपल्या देशात पुष्कळदा चवीविषयी नसून जातीविषयी असतो, आणि तो ऐकणाऱ्याच्या घशाखाली पुढचा घास उतरत नाही. ज्याच्या डब्यात केवळ खर्डा आहे त्याच्या घरी आज दुसरे काही नसेल. ज्याच्या डब्यात सुकी मासळी आहे त्याच्या बापाने ती पहाटेच्या थंडीत पाण्यातून काढलेली असेल. ज्यास आपली निष्ठा कळली त्यास दुसऱ्याची कळावयास हवी. न कळेल तर ती निष्ठा नव्हे, केवळ हट्ट होय.

येत्या सुट्टीत एक लहानसा अभ्यास प्रत्येकाने करावा. घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ बसून आपल्या घरच्या एका चटणीची कृती वहीत उतरून घ्यावी: जिन्नस किती, आच केवढी, आधी काय कुटावयाचे व मागाहून काय. कृती कोणाकडून आली आणि त्या कोणत्या गावच्या, हेही विचारावे. पुष्कळ वह्यांत आज पाण्याखाली असलेल्या गावांची नावे येतील. नंतर शेजारच्या मुलाची वही वाचावी आणि त्याच्या घरची चटणी एकदा चाखून पाहावी.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आपल्या शिष्यांस उपमा दिली ती मिठाची. मीठ स्वतःकरिता पानात येत नाही. ते सगळ्या अन्नास रुची आणते व आपण दिसेनासे होते. आपली निष्ठाही अशीच असावी: स्वतःच्या घासास गोडी आणणारी, पण शेजाऱ्याच्या घासात खडा न टाकणारी.