फायबरबोर्डाचा सांधा

गेल्या वर्षीं आम्हीं सुतारकामाच्या तासाला लहान मुलांच्या पुस्तकांकरितां एक मांडणी तयार केली. फळ्या १८ मिलिमीटर जाडीच्या फायबरबोर्डाच्या होत्या. त्यांच्या कडांस सरस लाविला, वरून खिळे ठोकले आणि काम संपलें असें मानलें. महिना लोटतो न लोटतो तोंच मधली फळी पुस्तकांसह खालीं आली. मुलें जेथें बसून वाचीत तेथेंच ती पडली. सुदैवानें त्या वेळीं तेथें कोणी नव्हतें. सरसच वाईट, असें आम्हीं प्रथम म्हटलें. परंतु तुटलेला सांधा उजेडांत नेऊन पाहिल्यावर दोष आमचाच ठरला.

फायबरबोर्ड म्हणजे अखंड लांकूड नव्हे. लांकडाचे तंतु सुटे करून त्यांत कृत्रिम राळ मिसळतात आणि उष्णता व दाब देऊन त्यांची फळी बनवितात. सागवानांत दिसतात तशा रेषा तींत नसतात. तिच्या दोन्ही बाजू घट्ट व गुळगुळीत असतात, परंतु मधला गाभा विरळ असतो. करवतीनें कापतांच हा गाभा कडेवर उघडा पडतो आणि टीपकागदाप्रमाणें सरस शोषून घेतो. त्याच कडेंत खिळा ठोकला तर फळी पापुद्र्यांप्रमाणें फाकते.

आमच्या फळीच्या एका टोकाची कड कोरडी दिसली. सरस आंत मुरून गेला होता व सांध्यांत कांहींच उरलें नव्हतें. दुसऱ्या टोकास सरस जागच्या जागीं होता. मात्र बोर्डाचे तंतु उखडून त्यास चिकटले होते. म्हणजे तेथें सरस हरला नव्हता, बोर्ड हरला होता. चांगला सरस बोर्डाहूनही बळकट असतो. म्हणून नुसता अधिक सरस ओतून सांधा दृढ होत नाहीं. भार अधिक जागेवर वांटला गेला पाहिजे.

आतां सरसाची निवड. घरांतील कोरड्या जागेच्या कामास सुतार वापरतात तो पांढरा सरस, म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, पुरेसा आहे. त्यांतील पाणी बोर्डांत मुरलें म्हणजे तो घट्ट होतो. म्हणून सनमायका लाविलेल्या चकचकीत बाजूवर तो धरत नाहीं. तेथें तो थर आधीं खरवडून काढावा. ओलाव्याच्या जागीं जलरोधक सरस घेतला तरी साधा फायबरबोर्ड पाण्यानें फुगतोच. तेथें हा बोर्डच वापरूं नये.

सांध्याची रीत अशी. उभ्या फळींत सुमारें ६ मिलिमीटर खोल खांच पाडावी, म्हणजे आडव्या फळीचें टोक तींत बसून भार खांचेच्या काठावर येईल. भुसा पुसून काढावा. कडेस सरसाचा पातळ हात द्यावा, तो मुरूं द्यावा व मग दुसरा हात द्यावा. शिकंज्यानें आवळतांना सरसाचे बारीक थेंब बाहेर आले कीं थांबावें. अति आवळल्यास सरसच निघून जातो. तासभर शिकंजा काढूं नये आणि २४ तास भार ठेवूं नये. स्क्रू घालावयाचा तर आधीं गिरमिटानें भोंक पाडावें. कापतांना नाकातोंडावर मास्क बांधावा. याचा भुसा अति बारीक असून छातीस अपाय करितो.

याच रीतीनें आम्हीं ती मांडणी पुन्हां जुळविली, आणि मुलें आज त्याच जागीं वाचीत बसतात. पालकांनींही हें ध्यानांत ठेवावें: घरीं एखादा सांधा सुटला, तर सरसावर खापर फोडण्यापूर्वीं तुटलेली कड निरखून पहावी. काय चुकलें तें तीच सांगते.