ओझरचा विमानतळ

नाशिकहून आग्रा रस्त्यानें सुमारें २० किलोमीटर गेलें म्हणजे ओझर हें गांव लागतें. तेथील आकाशांत विमानाचा गडगडाट ऐकून ज्यानें मान वर केली नाहीं असा मुलगा आमच्या जिल्ह्यांत विरळाच. परंतु हीं विमानें ज्या तळावरून उडतात तेथील कारभार कसा चालतो, आणि तो चालू राहण्याशीं आपला कांहीं संबंध आहे कीं काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तोच आज आपण थोडक्यांत करूं.

ओझरचा तळ मूळचा प्रवाशांसाठीं नव्हे. १९६४ सालीं हिंदुस्थान एअरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथें स्थापन झाला. प्रथम मिग-२१ व पुढें सुखोई-३० हीं लढाऊ विमानें येथें तयार झालीं. येथील धांवपट्टी सुमारें ३ किलोमीटर लांब असल्यामुळें मोठीं प्रवासी विमानेंही तीवर उतरूं शकतात. हा लाभ ओळखून राज्य सरकारनें प्रवाशांकरितां स्वतंत्र इमारत बांधविली. ती २०१४ सालीं तयार झाली.

धांवपट्टीच्या दोन टोकांस ०९ व २७ असे आंकडे आहेत. होकायंत्रावरील ९० व २७० अंशांतील शेवटचें शून्य गाळलें कीं हे आंकडे मिळतात. अर्थात् पट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान शक्यतों वाऱ्यास तोंड देऊन उतरतें व उडतें, कारण त्यायोगें कमी अंतरांत काम भागतें. म्हणून वारा फिरला कीं पट्टीचें टोकही बदलावें लागतें. कोणतें विमान केव्हां उतरावें याची आज्ञा नियंत्रण-मनोऱ्यांतून दिली जाते. खालीं आगीचा बंब सज्ज उभा असतो, पहारेकरी सामान तपासतात, व हवामानाची नोंद सतत चालू असते.

आतां खरी अडचण पहा. दिवसांत एक विमान येवो कीं दहा येवोत, बंब, मनोरा व पहारा हीं ठेवावींच लागतात. मोठ्या शहरीं हा खर्च असंख्य प्रवाशांत वांटला जातो, तर लहान ठिकाणीं तो थोड्यांवर पडतो. शिवाय विमानांतील जागा आमच्या द्राक्षांहूनही नाशिवंत आहे! द्राक्षें शीतगृहांत कांहीं दिवस तरी टिकतात, परंतु विमान उडालें त्या क्षणीं रिकामी राहिलेली जागा कायमचीच वायां गेली.

ही अडचण जाणून केंद्र सरकारनें २०१६ सालीं 'उडान' योजना काढली. विमानांतील सुमारें निम्म्या जागांचें भाडें मर्यादित ठेवावें, आणि कंपनीस येणारी तूट तीन वर्षें सरकारनें भरून द्यावी, अशी तींतील योजना होती. तिच्या आधारें डिसेंबर २०१७ मध्यें मुंबई-नाशिक असें लहान विमान सुरू झालें, पण तें टिकलें नाहीं. मुंबईच्या गजबजलेल्या तळावर सोईची वेळ मिळणें कठीण. त्यांतून पंचवटी एक्सप्रेसनें सकाळीं निघालेला माणूस दुपारपूर्वींच मुंबईस पोंचतो! जून २०१८ मध्यें दिल्लीचें विमान सुरू झालें, परंतु एप्रिल २०१९ मध्यें तें चालविणाऱ्या जेट एअरवेज कंपनीचींच उड्डाणें थांबलीं. मार्च २०२३ मध्यें इंडिगो कंपनीनें नागपूर, अहमदाबाद व गोवा येथें जाणारीं विमानें सुरू केलीं. पुढें त्यांत दिल्ली, हैदराबाद व बंगळूर या शहरांची भर पडली.

या इतिहासावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. जेथें आगगाडी त्वरित पोंचविते तेथें विमानाचा हट्ट व्यर्थ होय. पण दिल्लीस वा बंगळुरास जाणाऱ्यानें आधीं चार तास रस्त्यानें मुंबईस जावें आणि तेथें विमान गांठावें, हा प्रवास दुहेरी शिणाचा आहे. शिवाय असा नाशिककर मुंबईच्या हिशेबांत मोजला जातो, आणि येथील जागा रिकामी दिसते. रिकाम्या जागा पाहून कंपनी विमान काढून घेते. मग परप्रांतीं शिकणाऱ्या मुलास आईच्या आजाराची तार यावी तसा निरोप आला, तर त्यास जवळचा मार्ग उरत नाहीं. सातपूर-अंबडच्या कारखानदारासही दूरचें गिऱ्हाईक एका दिवसांत भेटून परत येणें अशक्य होतें.

पालकांसही आमची विनंति आहे कीं, दूरच्या प्रवासाचें तिकीट काढण्यापूर्वीं ओझरची वेळ व भाडें एकदां अवश्य पाहावें. मुंबईपर्यंतच्या गाडीभाड्याचा व गेलेल्या दिवसाचा हिशेबही त्यांत धरावा. हिशेब जमला नाहीं तर दुसरा मार्ग खुशाल घ्यावा. पण जमत असूनही केवळ संवयीनें मुंबईकडे वळूं नये. गांवच्या विहिरीचें पाणी उपसलें जातें तोंवरच तें निर्मळ राहतें, आणि दारच्या विमानतळाची गोष्टही याहून निराळी नाहीं.