फोर्स पुशचं बटण दाबण्याआधी

महापेच्या एमआयडीसीत नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी टीममधल्या एकीने ब्रँच रिबेस केली. साधा पुश नाकारला गेला, तेव्हा ग्राफिकल टूलमधलं 'फोर्स पुश' तिने दाबलं. त्याच ब्रँचवर दुपारी दुसऱ्याने चढवलेले कमिट सर्व्हरवरून गेले. तो तोवर घणसोलीला घरी पोचला होता, लॅपटॉप बंद.

बटणामागे साधा फोर्स नव्हता, 'फोर्स विथ लीज' होता. सर्व्हरवर आपल्याला ठाऊक नसलेले कमिट असले की तो पुश अडवतो. मग अडवला का नाही? कारण गिटच्या लेखी 'ठाऊक' म्हणजे आपल्या मशीनवरची ओरिजिनची नोंद. टूल मागच्या मागे सतत फेच करत होतं, त्यामुळे नोंद ताजी होती. तिने मात्र ते कमिट पाहिलेच नव्हते.

पण त्याच फेचमुळे ते तिच्या मशीनवर आलेले होते. टर्मिनलवर 'गिट रीफ्लॉग' देऊन पुढे ओरिजिनच्या ब्रँचचं नाव लिहिलं. वरच्या ओळीत 'अपडेट बाय पुश', तिच्याखाली 'फेच'. खालच्या ओळीतला हॅश घेऊन नवी ब्रँच काढली, हरवलेले कमिट चेरी-पिक केले आणि काम वाचलं.

ग्राफिकल टूल सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. डिफ वाचणं, ब्रँचचा आलेख बघणं, फाइलमधल्या निवडक ओळी स्टेज करणं तिथेच सोपं जातं. गिट 2005 साली आलं आणि त्याच वर्षी गिटके हे ग्राफिकल टूलही आलं. रिबेस, रीसेट, फोर्स पुश मात्र टर्मिनलवरच करा. तिथे काय होणार ते आपण स्वतः टाइप करतो, आणि लीजला 'फोर्स इफ इन्क्लुड्स'ची जोड देता येते. गिट 2.30 पासून ती सोय आहे. फेच होऊनही आपल्या ब्रँचमध्ये न घेतलेले कमिट असले तर पुश थांबतो.

'डिस्कार्ड'चं बटण तर आणखी घातक. स्टेजही न केलेलं काम रीफ्लॉगमध्ये कधीच सापडत नाही. कमिट केलेलं असेल, तर ब्रँचवरून सुटलं तरी रीफ्लॉग ते एरवी 30 दिवस सांभाळतो. म्हणून घरी निघताना अर्धवट का होईना, कमिट करा.

व्हीएस कोड वापरत असाल तर आउटपुट पॅनेलमध्ये 'गिट' निवडून ठेवा. प्रत्येक क्लिकमागची कमांड तिथे उमटते; आठवडाभर ती वाचलीत तरी टर्मिनलची भीती जाते.