तुळईला पट्टीचा आधार

आर.सी.सी. तुळईवर भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते. हा ताण आतली सळई सोसते. ती कमी पडली, तर खालून कार्बन तंतूंची पट्टी इपॉक्सीने चिकटवतात. स्वित्झर्लंडच्या इबाख पुलात भोके पाडताना आतल्या ताणलेल्या तारांना इजा झाली होती. १९९१ साली तो असाच सावरला. १७५ किलो पोलादाचे काम ६.२ किलो पट्ट्यांत भागले!

पण आम्ही बजावतो, पट्टी म्हणजे गंजावरचे औषध नव्हे. सळई गंजून काँक्रीट फुगले असेल, तर पट्टी पोपड्यासकट सुटते. आधी गंज काढून काँक्रीट दुरुस्त करावे लागते. आगीतही इपॉक्सी मऊ पडते. म्हणून घराच्या तुळईला तडा दिसला, तर नुसता गिलावा मारून झाकू नका. आधी टेकू द्या अन् जाणत्या इंजिनिअरला दाखवा.